अंगठा दुखतो, हलका बेस कुठला घेऊ?

प्रश्न: मी वसईची, वय 57. आमच्या चर्चच्या गायकवृंदात बरीच वर्षं बेस गिटार वाजवते. गेल्या पावसाळ्यापासून डाव्या अंगठ्याचं मूळ दुखतंय आणि तर्जनीच्या शेवटच्या सांध्याला गाठ आली आहे. एक्स-रे बघून हाडांच्या डॉक्टरांनी ऑस्टिओआर्थ्रायटिस (सांध्यांची झीज) सांगितला, वाजवणं जरा कमी करा म्हणाले. माझा बेस चार तारांचा, 34 इंच स्केलचा (म्हणजे तारेची वाजणारी लांबी), वजन 4.3 किलो. मिस्सेला उभ्यानं वाजवते, तासभर तरी जातो. आमची बरीचशी गीतं एफ आणि बी फ्लॅट या पट्ट्यांमध्ये आहेत आणि नेमका तिथेच हात जास्त दुखतो. दुकानदार म्हणतो व्हायोलिनच्या आकाराचा हलका बेस घ्या, भाचा युकुलेले बेस सुचवतोय. नाताळच्या तालमी सुरू व्हायच्या आत ठरवायचं आहे. कुठला घेऊ?

उत्तर: तुमच्या पत्रात वजनाच्या आकड्यापेक्षा एफ आणि बी फ्लॅटचा उल्लेख जास्त कामाचा आहे. एफ म्हणजे ई या सर्वांत जाड तारेचा पहिला फ्रेट (नेकवरची धातूची आडवी पट्टी), बी फ्लॅट म्हणजे ए तारेचा पहिला फ्रेट. सबंध बेसवर याहून अवघड जागा नाही. फ्रेटमधलं अंतर तिथे सर्वांत मोठं, नट (नेकच्या टोकाजवळची, तारा ज्या खाचांतून जातात ती पट्टी) अगदी शेजारी असल्यामुळे तार सर्वांत ताठ, आणि हात अंगापासून सर्वांत लांब. 4.3 किलोचा बेस जाऊन 3 किलोचा आला तर खांदा आणि कंबर सुटेल. अंगठा सुटेलच, असं नाही.

अंगठ्यावर भार येतो तो तीन वाटांनी: तार दाबायला लागणारा जोर, बोटं फाकवायला लागणं, आणि नेक (बेसचा लांब दांडा) खाली झुकत असेल तर तो डाव्या हातानं उचलून धरणं. यातली तिसरी वाट सर्वांत घातक, कारण ती गाणं संपेपर्यंत थांबत नाही. अंगठा आणि बोटांच्या चिमटीत 1 किलोचा जोर लावला की अंगठ्याच्या मुळाच्या सांध्यावर तो साधारण 12 पट होऊन पोचतो, असं हाताच्या सांध्यांचा अभ्यास करणारे सांगतात. म्हणजे चिमटीतून पाव किलो जरी कमी केला, तरी त्या सांध्याला मोठा आराम मिळतो. बेस निवडायचा तो या हिशेबानं. हलका पण नेक झुकणारा बेस तुमच्यासाठी तोल सांभाळणाऱ्या चार किलोच्या बेसपेक्षा वाईट.

तेव्हा पैसे खर्च करण्याआधी आहे तोच बेस तपासा. दुकानातून आल्यापासून ज्याचा नट कुणी बघितलेला नाही असे बेस खूप असतात, आणि पहिल्या फ्रेटवरचं दुखणं बहुतेक वेळा तिथूनच सुरू होतं.

बेस सुरात लावा आणि वाजवायच्या स्थितीत मांडीवर घ्या. ई तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये दाबा. आता पहिल्या फ्रेटच्या पट्टीवर तार किती उंच तरंगते ते उजेडात बघा. साध्या छपाईच्या कागदाची जाडी 0.1 मिमीच्या आसपास असते. दोन कागद एकावर एक ठेवून तारेखालून सरकवा. ते जेमतेम जात असतील तर नट ठीक. व्हिजिटिंग कार्ड दुमडून घातलं तरी मोकळं जात असेल, तर पहिल्या फ्रेटवर तुम्ही विनाकारण जास्त जोर लावताय. चारही तारांना हीच परीक्षा. उपाय म्हणजे नटच्या खाचा तारेच्या जाडीच्या कानशीनं खाली उतरवणं. हे काम घरी करू नका. एक घाव जास्त पडला की मोकळी तार पहिल्या फ्रेटवर झणझणते, मग खाच भरून घ्यावी लागते किंवा नटच बदलावा लागतो. गिटार दुरुस्त करणाऱ्या चांगल्या कारागिराला हे अर्ध्या तासाचं काम आहे.

नंतर नेकचा बाक. ई तार पहिल्या फ्रेटवर कॅपोनं (तारा दाबून ठेवणाऱ्या चिमट्यानं) दाबून ठेवा आणि नेक बॉडीला मिळतो त्या फ्रेटवर बोटानं दाबा. सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांत एक व्हिजिटिंग कार्ड, म्हणजे 0.3 मिमी, जेमतेम जायला हवं. फट त्याहून मोठी असेल तर ट्रस रॉड (नेकच्या आतली धातूची सळई) घड्याळाच्या दिशेनं फिरवायचा. एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही. मग तार पुन्हा सुरात लावून बघायचं आणि शक्य तर एक दिवस थांबायचं. रॉड अडला तर जोर करू नका, कारागिराकडे न्या. किल्ली बरोबर मापाचीच हवी. बहुतेक बेसना 4 किंवा 5 मिमीची, अमेरिकी बनावटीच्या काहींना 3/16 इंचाची लागते. जवळपासच्या मापाची किल्ली घुसवली की रॉडचं तोंड गोल होतं आणि मग ते सुधारणं महागात पडतं.

शेवटी ब्रिजवरची, म्हणजे तारा बॉडीवर टेकतात तिथली उंची. ज्या पट्टीचा शून्य अगदी कडेपासून सुरू होतो अशी स्टीलची पट्टी घ्या आणि बाराव्या फ्रेटवर फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत मोजा. ई तार 2 मिमी आणि जी तार 1.6 मिमी हे तुमचं लक्ष्य. दुकानातून आलेल्या बेसवर ही उंची पुष्कळदा अडीच-तीन मिमी असते. सॅडलचे (ब्रिजवर तार टेकते त्या तुकड्यांचे) स्क्रू थोडे थोडे फिरवून तारा खाली आणा. ॲम्प बंद असताना ऐकू येणारी बारीक झणझण चालते, ॲम्पमधून ऐकू आली तर एखादा फेरा वर न्या. क्रम मोडू नका: नट आधी तपासून ठेवला तरी काम करताना आधी बाक, मग सॅडल, आणि नटच्या खाचा हे दोन्ही पाहून झाल्यावर. नाहीतर एक सुधारताना दुसरं बिघडतं आणि दोष कुठे होता ते कळेनासं होतं. वसईच्या हवेत पावसाळ्याभर लाकूड ओल धरतं आणि ऑक्टोबरनंतर सुकतं, तेव्हा नेकचा बाकही बदलतो. हे सगळं ऑगस्टमध्ये केलंत तर नोव्हेंबरात एकदा बाक पुन्हा बघा.

आता तारा. तुमच्या बेसवर बहुधा 45-65-85-105 जाडीचा (इंचाच्या हजाराव्या भागांत) संच असेल. त्याच जातीचा 40-60-75-95 लावला तर ताण सर्वसाधारण पाचव्या हिश्शानं उतरतो. चर्चमधल्या गीतांना फ्लॅटवाउंड (चपटी तार गुंडाळलेल्या, गुळगुळीत) तारांचा गोल, शांत आवाज शोभतो आणि त्यावरून बोट सरकवायला त्रास होत नाही, पण एक सावधगिरी: फ्लॅटवाउंडचे बरेच संच हाताला राउंडवाउंडपेक्षा (गोल तार गुंडाळलेल्या नेहमीच्या तारांपेक्षा) ताठ लागतात. कमी ताणाच्या फ्लॅटवाउंडमध्ये थोमास्टिक कंपनीचा जाझ फ्लॅट्स प्रसिद्ध आहे, चार तारांच्या 34 इंची बेससाठी जेएफ344. महाग असतो, पण फ्लॅटवाउंड तारा वर्षानुवर्षं टिकतात, म्हणून तो खर्च अंगावर येत नाही. नायलॉनची पट्टी गुंडाळलेल्या टेपवाउंड तारा बोटांना सर्वांत मऊ लागतात. मात्र त्या जाड असतात, त्यांच्यासाठी नटच्या खाचा रुंद कराव्या लागतात, आणि रुंद झालेली खाच परत अरुंद होत नाही. त्या लावायच्या असतील तर नटचं काम त्याच तारा चढवून करून घ्या.

याहूनही मोठा फायदा एका फुकटच्या गोष्टीत आहे आणि तुमच्या गीतांच्या पट्टीला ती अगदी चपखल बसते. चारही तारा एक पूर्ण स्वर खाली लावा: ई ची डी, ए ची जी, डी ची सी, जी ची एफ. तार दोन फ्रेट खाली उतरवली की ताण साधारण 21 टक्क्यांनी घटतो. आणि आता खालचा एफ तिसऱ्या फ्रेटवर येतो, बी फ्लॅटही तिसऱ्या फ्रेटवर, शिवाय वरची मोकळी तारच एफ. एफमधलं गीत तुमची बोटं जी मध्ये वाजवतील, बी फ्लॅटमधलं सी मध्ये. कीबोर्डवाल्याला काही बदलावं लागत नाही. तुम्ही फक्त आपल्या कागदावर कॉर्ड एक स्वर वर चढवून लिहायच्या: एफ तिथे जी, बी फ्लॅट तिथे सी, सी तिथे डी, डी मायनर तिथे ई मायनर. पहिले दोन-तीन आठवडे गोंधळ होईल, म्हणून तालमीच्या वेळीच सवय करा, थेट मिस्सेत नको. ई फ्लॅटमधल्या गीतांना मात्र ही युक्ती उलटी पडते, कारण ती एफच्या बोटांनी वाजवावी लागतात आणि पहिला फ्रेट परत येतो.

हे करताना 45-105 च्याच तारा ठेवा. पातळ तारा लावून वर सूरही उतरवला तर तार लोंबते, फ्रेटवर आपटते, मग उंची वाढवावी लागते आणि मिळवलेलं सगळं जातं. ताण उतरला की नेक सरळ होतो, कधी मागेही झुकतो. तेव्हा सातव्या फ्रेटजवळची फट पुन्हा मोजा आणि नाहीशी झाली असेल तर ट्रस रॉड पाव फेरा उलटा, म्हणजे सैल करा.

ज्यांना सूर बदलायचाच नाही त्यांच्यासाठी: बी फ्लॅट ई तारेच्या सहाव्या फ्रेटवर अगदी त्याच सुरात मिळतो. तिथे हात लहान फाकतो. 34 इंची बेसवर पहिल्या फ्रेटपासून चौथ्यापर्यंत 130 मिमी अंतर आहे, पाचव्यापासून आठव्यापर्यंत फक्त 103. खालचा एफ मात्र चार तारांच्या नेहमीच्या सुरावटीत एकाच जागी आहे, त्याला पर्याय नाही. एक सप्तक वरचा एफ डी तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर घ्या. ऑर्गनचा किंवा कीबोर्डचा डावा हात खाली असेल तर कुणाला उणीव जाणवणार नाही. पाच तारांचा बेस घेऊन खालच्या बी तारेवर एफ वाजवा, असा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईल. घेऊ नका. रुंद नेक आणि वाढलेलं वजन तुमच्या अंगठ्याला मानवणार नाही.

बोटांची पद्धतही बदला. खालच्या फ्रेटवर एका बोटाला एक फ्रेट हा नियम सोडा. कॉन्ट्राबास (व्हायोलिनच्या जातीचा मोठा, उभा बेस) वाजवणारे पिढ्यानपिढ्या तर्जनी, मधलं बोट आणि करंगळी एवढ्यांवर काम भागवतात. अनामिका करंगळीला नुसता आधार देते आणि हात तीन फ्रेटमध्येच राहतो. चौथा फ्रेट लागला तर बोट न ताणता सगळा हात सरकवायचा. तार फ्रेटच्या पट्टीच्या अगदी मागे दाबा. मधोमध दाबली तर जास्त जोर लागतो आणि झणझणही होते. अंगठा किती आवळताय ते पाहायला एखादं सोपं गीत अंगठा नेकला न लावता वाजवा. उजव्या हाताचा कोपरापुढचा भाग बॉडीवर ठेवला की बेस मागे रेलतो आणि तार बाहूच्या वजनानं खाली खेचता येते. असं गाणं वाजवायचं नाही, पण चिमटीशिवाय सूर निघतो हे हाताला कळतं. मग अंगठा परत लावा, टेकवण्यापुरता. नेक जमिनीला आडवा न ठेवता हेडस्टॉक (नेकचं चाव्यांचं टोक) खांद्याच्या उंचीवर येईल इतका तिरपा ठेवा, मनगट सरळ राहतं.

ॲम्पचा आवाज वाढवा आणि उजवा हात हलका करा. बरेचजण जोरानं छेडतात म्हणून डावा हातही नकळत आवळतात. पिकअप (तारेचा आवाज टिपणारा भाग) आणि नेक यांच्या मधल्या जागेवर छेडलं तर तार मऊ लागते, ब्रिजजवळ ताठ. उजव्या हाताची बोटं पुढे कधी दुखू लागली, तर मोटाउन या अमेरिकी रेकॉर्ड कंपनीच्या जेम्स जेमर्सननं अख्खी कारकीर्द उजव्या हाताच्या एकट्या तर्जनीवर उभी केली, हे लक्षात असू द्या.

हे सगळं करून महिनाभर वाजवा आणि तरीही दुखत असेल तर नवा बेस घ्या. मग मात्र 30 इंच स्केलचाच घ्या. त्यावर पहिल्या ते चौथ्या फ्रेटचं अंतर 130 वरून 114 मिमी होतं, आणि त्याच जाडीची तार त्याच सुरात लावली तर ताण 22 टक्क्यांनी कमी होतो. छोट्या स्केलचा बेस म्हणजे मुलांचं खेळणं, असा एक समज आपल्याकडे आहे. तो खरा नाही. फेंडरचा मस्टँग बेस 1966 सालचा, 30 इंची. गिब्सनचा ईबी-3 साडेतीस इंची, क्रीम या बँडमध्ये जॅक ब्रूस तो वाजवायचा. रोलिंग स्टोन्सचे बिल वायमन हात लहान म्हणून छोटेच बेस वापरत. ई तारेचा आवाज 34 इंचीइतका धारदार येत नाही, गोल येतो. गीतांना तो चांगलाच वाटेल.

आता दुकानदाराचं म्हणणं. व्हायोलिनच्या आकाराचा बेस म्हणजे बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीमुळे जगाला माहीत झालेला होफ्नर 500/1 आणि त्याच्या धर्तीचे इतर. स्केल 30 इंच, आतून पोकळ, अस्सल होफ्नर अडीच किलोहूनही कमी. खांद्याला याच्याइतका आराम दुसरा कुठलाच देत नाही. पण बॉडी इतकी हलकी की नेक आणि सूर लावायच्या चार चाव्यांचं पारडं जड होऊ शकतं. उभ्यानं हात सोडला की काही बेसचा हेडस्टॉक खाली जातो आणि तो सावरणारा हात म्हणजे तुमचा दुखरा हात. म्हणून हा बेस नाकारू नका, पण उभ्यानं तोल बघितल्याशिवाय घेऊही नका. गिब्सन एसजीच्या आकाराच्या बेसचीही हीच अडचण, कारण त्यांचं पट्ट्याचं वरचं बटण नेकच्या मुळापाशी असतं. मस्टँगसारख्या बेसला वरचं शिंग पुढे आलेलं असतं आणि बटण त्या शिंगाच्या टोकाला. ते बाराव्या फ्रेटच्या जितकं जवळ, तितका तोल चांगला.

युकुलेले बेस म्हणजे काला कंपनीचा यू-बेस आणि तशा जातीचे. स्केल वीस-एकवीस इंचांचं, तारा जाड पॉलियुरेथेनच्या, हाताला रबरासारख्या. ताण नाममात्र, वजन अगदी कमी, आणि ॲम्पमधून आवाज कॉन्ट्राबाससारखा भारदस्त. हात सुजलेला असेल त्या दिवशी घरी सरावाला याहून चांगलं काही नाही, आणि शांत गीतांना मिस्सेतही चालेल. अडचणी अशा: नव्या तारा काही दिवस ताणत राहतात आणि सूर सतत उतरतो. घामेजल्या बोटाला तार चिकटते. बॉडी पोकळ आणि पिकअप पिझो (कंप टिपणारा) असल्यामुळे स्पीकरजवळ उभं राहिलं तर घुमतं. आणि फ्रेट इतके जवळ की परत मोठ्या बेसवर गेल्यावर हात चुकतो. पहिला बेस म्हणून नको, दुसरा म्हणून खुशाल घ्या.

तुमच्यासाठी आमची निवड दोन जातींतली. साधी आणि खिशाला परवडणारी म्हणजे मस्टँग धर्तीचा 30 इंची बेस: स्क्वायरचा मस्टँग किंवा ब्रॉन्को, नाहीतर आयबनेझचा टॅलमन टीएमबी30. आयबनेझचा मायक्रो जीएसआरएम20 आणखी छोटा, 28.6 इंची. हात फारच लहान असेल तर तो बघा, पण त्याची ई तार 105 चीच ठेवा, पातळ लावली तर लोंबते. जास्त खर्च करायची तयारी असेल तर हेडस्टॉक नसलेला बेस, जसा आयबनेझचा ईएचबी1000एस. चाव्या ब्रिजकडे गेल्यामुळे नेकच्या टोकाचं वजनच नाहीसं होतं आणि नेक झुकायचा प्रश्न मुळातून मिटतो. यात एक गोष्ट आवर्जून तपासा: ब्रिजवरच्या सूर लावायच्या घुंड्या लहान असतात आणि ताण असताना घट्ट फिरतात. तुमच्या अंगठ्यानं त्या फिरतात का, ते दुकानातच बघा. स्टाइनबर्गर स्पिरिटसारख्या बेसना दोन्ही टोकांना गोळी असलेल्या तारा लागतात, त्या कुठे मिळतील याची आधी चौकशी करा. ईएचबीला साध्या तारा चालतात.

नेक किती पातळ हवा? सगळे सांगतील, जितका पातळ तितका बरा. बोटांचे सांधे दुखत असतील तर ते खरं. अंगठ्याचं मूळ दुखत असेल तर अगदी चपट्या नेकवर चिमटी जास्त आवळली जाते आणि किंचित भरीव, गोलसर पाठीचा नेक बरा वाटतो. तुमचं दुखणं दोन्हीकडे आहे, म्हणून हे हातात धरूनच ठरवावं लागेल. रुंदीला मात्र नटपाशी 38 ते 41 मिमी पुरे.

धोबी तलावला किंवा वांद्र्याला दुकानं फिरायला जाल तेव्हा तुमचा नेहमीचा पट्टा, स्टीलची पट्टी आणि सामान तोलायचा टांगता काटा सोबत घ्या. एकाच मॉडेलच्या दोन बेसमध्ये लाकडामुळे पाव-अर्धा किलोचा फरक सहज पडतो, म्हणून छापील वजनावर न जाता समोरचा नग तोला. 3.4 किलोच्या आत असेल तर ठीक, 3 च्या आत असेल तर उत्तम. पट्टा लावून उभ्या राहा, नेक तिरपा धरा आणि दोन्ही हात सोडा. पाच सेकंदांत हेडस्टॉक कमरेखाली गेला तर बेस परत ठेवा. मग बसून हेच. त्यानंतर एफ आणि बी फ्लॅट, संथ लयीत, निदान वीस मिनिटं. पाच मिनिटांत सगळेच बेस चांगले वाटतात. नट उंच असेल तर घाबरू नका, तो उतरवता येतो. झुकणारा नेक, हाताला न मानवणारा आकार आणि वजन या गोष्टी नंतर बदलत नाहीत.

पूर्णपणे बदलत नाहीत, असं म्हणू या. थोडा झुकणारा बेस दुसऱ्या सगळ्या बाबतींत आवडला तर दोन उपाय आहेत. नऊ-दहा सेंमी रुंद, आतून खरखरीत चामड्याचा पट्टा खांद्यावर घसरत नाही आणि बराच झोल थांबवतो. दुसरा, हिपशॉटच्या अल्ट्रालाइटसारख्या हलक्या चाव्या. नेहमीच्या चाव्यांच्या साधारण निम्म्या वजनाच्या असतात, आणि नेकच्या अगदी टोकाला असल्यामुळे तिथे कमी केलेला प्रत्येक ग्रॅम तोलावर पुष्कळ परिणाम करतो. घेताना भोकाचा व्यास आणि स्क्रूची जागा जुळते का ते मोजा. बॉडीच्या मागे शिशाचं वजन लावून तोल साधणारेही आहेत. त्यानं नेक वर येतो पण खांद्यावरचा भार वाढतो, तेव्हा तुम्ही त्या फंदात पडू नका. हलक्या बेसपैकी काहींची बॉडी पॉलोनियाची असते. लाकूड फार हलकं पण मऊ, पट्ट्याच्या बटणाचा स्क्रू भोकात सैल होतो. अधूनमधून तो बघत जा, नाहीतर मिस्सेच्या मध्येच बेस खाली येईल.

मिस्सेला उभंच राहायचं का, हा प्रश्नही फादरना आणि गायकवृंदाच्या प्रमुखांना विचारा. हात नसलेल्या उंच स्टुलावर बसून, एक पाय टेकूवर ठेवून वाजवलं तर वजनाचा प्रश्न अर्धा संपतो. पट्टा तरीही गळ्यात ठेवा, म्हणजे नेक सावरायला डावा हात लागणार नाही. आणि ॲम्प स्वतः उचलू नका. मुठीत अवजड हँडल धरणं हे अंगठ्याच्या मुळाला बेस वाजवण्यापेक्षा जास्त त्रासदायक. बेसची पिशवीही पाठीवर घ्यायची असू द्या.

हाताबद्दल थोडं. वाजवण्याआधी पाच-दहा मिनिटं कोमट पाण्यात हात बुडवून बोटं उघडझाप करा. दहा-पंधरा मिनिटं वाजवून पाच मिनिटं थांबा. वाजवून दोन तास झाल्यावरही आधीपेक्षा जास्त दुखत असेल तर त्या दिवशी जास्त झालं, दुसऱ्या दिवशी वेळ कमी करा. डॉक्टरांच्या ‘कमी करा’चा अर्थ काय ते नीट विचारून घ्या, आणि हाताचं काम करणाऱ्या ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे चिठ्ठी मागा. मुंबईच्या मोठ्या रुग्णालयांत हा विभाग असतो. अंगठ्याच्या मुळाला आधार देणारी, पण टोक मोकळं ठेवणारी पट्टी ते मापानं बनवून देतात. भेटीला जाताना बेस घेऊन जा, नुसत्या वर्णनावरून त्यांना हाताची स्थिती कळत नाही. वेदनाशामक मलमाबद्दलही डॉक्टरांनाच विचारा. गोळी घेऊन वाजवायला बसू नका, दुखणं दबलं की हात किती ताणतोय ते कळत नाही.

काही खुणा मात्र वेगळ्या आहेत. सकाळी बोटांचा ताठपणा तासभर जात नसेल, दोन्ही हातांचे मुठीचे सांधे सुजून गरम लागत असतील, तर ते सांध्याच्या झिजेपेक्षा वेगळं असू शकतं. संधिवाताच्या तज्ज्ञाला लवकर दाखवा, त्या आजारात औषध वेळेत सुरू होण्याला फार महत्त्व आहे. रात्री अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला मुंग्या येऊन जाग येत असेल तर मनगटातली नस तपासून घ्या. यातलं काहीही गिटार बदलून बरं होत नाही.

नवा 30 इंची बेस घेतलात तर तारा मागवताना शॉर्ट स्केलच्याच मागवा. 34 इंचाच्या तारा कापून लावल्या तर जाड भाग चावीच्या खांबावर गुंडाळला जातो आणि तिथे तार मोडते किंवा तिचं वेटोळं सुटतं. थोमास्टिकचा छोट्या स्केलचा संच जेएफ324. आणि नवा बेस हाताला बसेपर्यंत जुना विकू नका. तो एक स्वर खाली लावून घरी ठेवा, एफमधल्या गीतांचा सराव त्यावर होत राहील.